लाल ठिपका

सव्वीस लेझमींना मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला
त्या वर्षी, गड्ड्याच्या आधी.
विडी घरकुलच्या शाळेतलं एक कपाट,
त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये,
पोस्टातल्या किल्ल्यांपासून वेगळी,
आतल्या कप्प्यात,
जिथे मी आईचा फोटोही ठेवत नाही.

रविवारी सात ते दहा. मानधन नाही.
म्हणून असेल,
बदल्यात मी एक शब्द घेत गेले,
सुट्टा, चिल्लर, कुणाच्या लक्षात न येणारा.
माझी मुलं. माझा गट. माझी श्रावणी नववीत पहिली.
माझ्या पोरांना ऊन लागतंय हो,
टँकर आधी इकडे.

मल्लिनाथ हत्तरकी पलीकडच्या मैदानावर कबड्डी घ्यायचा.
त्याचीही ‘माझी’ होती, एकोणीस,
आणि गळ्यात शिट्टी, झोपतानाही असेल.
चहाच्या गाड्यावर आम्ही दोघं बोलायचो
बांध मोजल्यासारखे.

मार्चमध्ये पवन चिलवेरी माझ्याकडून त्याच्याकडे गेला.
गेला म्हणजे किती, चाळीस पावलं.
मी मात्र ‘पळवला’ म्हणाले.
मल्लिनाथला म्हणाले, शाळेच्या शिपायाला म्हणाले,
रात्री भांडी घासताना नळाला म्हणाले.
चार वर्षं घडवला मी त्याला.
घडवला! जणू तो मातीचा
आणि चाक माझं.

शेवटी त्याच्या घरी गेले.
भर दुपार, एक्केचाळीस डिग्री, वर पत्रा.
आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती,
हजारातल्या सातशे झालेल्या,
बोटं थांबली नाहीत.
मी म्हणाले, तुमचा पवन...
मग म्हणाले, माझा पवन...
दोन्ही शब्द त्या खोलीत उभेच राहिले,
बसायला जागा नव्हती.
दोरा तोडत ती म्हणाली,
‘मन पिल्लगाडे गदा.’

वीस वर्षं पूर्व भागात काढून तेवढं तेलुगू येतं.
आपलाच पोरगा ना.
मन म्हणजे आपलं,
तिचं धरून, माझं धरून,
बहुतेक मल्लिनाथचंही धरून.
‘आमचं’ म्हणायला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे,
तो तिने वापरला नाही.
आणि मी मराठीतली,
मन म्हणजे आत कुलपात ठेवायची गोष्ट
असं समजत आलेली.

घरी येऊन शहाणी झाले असं नाही.
पुढच्या रविवारीही दोनदा ‘माझा’ निसटला,
तिसऱ्यांदा जीभ चावली.
मल्लिनाथशी अजून नीट बोलत नाही.
पवन कबड्डीत बरा खेळतो,
बरा म्हणजे
माझ्याकडे लेझमीत होता त्याहून बरा.
एवढं वाक्य लिहायला
जून उजाडला.

एक केलं.
किल्ली पर्समधून काढली,
समोरच्या गाजुल किराणाच्या खिळ्याला लावली.
म्हटलं, जो आधी येईल त्याने कपाट उघडायचं.
दोन रविवार छान गेले.
तिसऱ्या रविवारी नुसता खिळा.
सगळे कपाटासमोर,
आत अंधारात सव्वीस ठिपके,
बाहेर मी, कमरेवर हात, चढलेला आवाज:
कुणी हरवली किल्ली?

श्रावणीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं.
‘आपण हरवली, ताई,’ म्हणाली,
आणि कुंपणाशी जाऊन पवनला हाक मारली,
हत्तरकी सरांकडे हातोडी आहे का बघ म्हणून.