पॉइंट नऊ

उद्यमबागेत, दुसऱ्या गल्लीला, बोर्ड आहे:
बोरिंग, होनिंग, हेड फेसिंग.
खाली वडिलांचं नाव. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.
गिऱ्हाईक अजून आत डोकावून विचारतं, मालक कुठायत?
मी हात पुसते.

खानापूरचा शशिधर हलगेकर आला
तो टेम्पोत इंजिन घालून, पोत्यानं झाकून,
आजाऱ्याला आणावं तसा.
जांबोटीच्या बाजूला चिखलात जीप पळवायची शर्यत होती.
अक्का, म्हणाला, सगळ्यात पातळ गॅस्केट घाल की.
पॉइंट सात मिळतंय. दाब वाढतोय, ताकद येतेय.
अर्धं बरोबर होतं.
आम्हाला भय त्या अर्ध्याचंच.

डायल लावला. पिस्टन वर पोचतो
आणि काठाच्या पॉइंट एक खाली थांबतो.
मग मुलाच्या दप्तरातली खेळायची माती मागितली.
निळी. तिचा त्यानं कन्नडचा अ वळला होता,
दोन पोटं, वर वळलेली शेपटी,
आणि मोडायला देत नव्हता.
रात्री जेवल्यावर दिला.
दुसरा करीन, म्हणाला, सोपाय तो.

अ पिस्टनवर ठेवला, तेलाचं बोट फिरवून.
जुनं गॅस्केट, वर हेड, मग बोल्ट,
मधून बाहेर, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत.
कडेपासून आवळणारा माणूस, वडील म्हणायचे,
घरातही भांडणं लावतो.
पान्यानं कट्ट केलं की इरप्पा म्हणतो, साकु.
वीस वर्षं एवढंच म्हणतो.

हातानं दोन फेरे दिले. हेड उचललं.
अक्षर पापडासारखं पडलेलं.
ब्लेडनं चिरून काठ मोजला: एक पॉइंट तीन.
जुनं गॅस्केट एक पॉइंट दोन, त्यात तो पॉइंट एक.
हिशेब बसला.

पॉइंट सात घातलं तर आठ उरतात की, शशिधर म्हणाला.
उरतात. थंड इंजिनात, टेबलावर.
सात हजार फेऱ्यांवर रॉड ताणतोय, पिस्टन डुलतोय,
वर काजळी चढते, तिलाही जागा लागते.
आणि शर्यत संपली की तू त्याच जीपनं
वाटेतल्या कुठल्यातरी पंपावरचं पेट्रोल घालून
घाट चढत घरी जाणार.
तेव्हा आतून टकटक येईल,
कुणी कडी वाजवावी तशी.

मग जाडच घाल, म्हणाला, रुसून.
जाडही नाही.
फट मोठी झाली तर कोपऱ्यातली हवा ढिम्म बसून राहते,
जाळ तिथवर उशिरा जातो, आणि तीच टकटक
मागच्या दारानं येते.

पाकिटावरची जाडी बघू नको.
आवळल्यावर जी उरते ती खरी.
पॉइंट नऊ.

सात आणि नवात किती तो फरक?
मी वेणीतला केस उपटून मायक्रोमीटरला लावला.
पॉइंट शून्य सात.
म्हणजे तीन केससुद्धा नाहीत, तो म्हणाला.
नाहीत.

नवं गॅस्केट मी बराच वेळ उजेडाला धरते, नेहमीच.
एका पत्र्यात आग, पाणी, तेल,
बोटाच्या अंतरावर, आपापल्या भोकातून.
कुणी कुणाच्या घरात जात नाही.
ही भोकं कुणी मोजली असतील, एवढंच मनात येतं,
मग लाइट जाते आणि काम अडतं.

शर्यत रविवारी होती.
सोमवारी फोन नाही, मंगळवारी नाही.
आमच्या धंद्यात हे बरं असतं,
तरी मी रिंग मोठी करून ठेवली होती.

दहाव्या दिवशी दारात जीप.
चाकांवर तांबडी माती, वाळून भेगाळलेली.
कितवा आलास विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.
बॉनेट उघडून म्हणाला, ऐक.
मी वाकले. गरम तेलाचा वास. एकसारखा आवाज.
आत कुणी कडी वाजवत नव्हतं.

बिलाला दोनशे कमी दिले.
पुढल्या खेपेला देतो की, अक्का.
मी तोंड उघडणार,
तेवढ्यात मागून इरप्पा म्हणाला,
साकु.