विहीर क्रमांक एकशे सतरा

वरुडच्या अलीकडे, पाणी संस्थेच्या खोलीत
कूलर खडखडतोय आणि माझ्यासमोर
एकोणीस वर्षांपूर्वीची फाइल उघडी आहे.
सत्तावीस गावांच्या विहिरी:
खोली किती, पाणी किती, कोणी मोजलं.
वरच्या ओळीत सही केल्यासारखं
भि. ना. काळमेघ, आयटीआय, पंपदुरुस्ती.

काळमेघ सरांच्या स्क्रिप्टला फाटकच नाही.
पत्त्याच्या ओळीत जो जे लिहील
ते आत येऊन आपसूक चल होतं.
शेपटीला 'मालक=१' जोडा, व्हा मालक.

नवा सर्व्हर म्हणतो, हे चालणार नाही.
आधीही चालत नव्हतंच म्हणा. मागच्या मार्चात
सगुणा उईकेनं खोली लिहिली बेचाळीस,
पुढे फुटाची ती एवढीशी उभी टिकली,
तिथंच आतलं वाक्य तुटलं
आणि सगळी यादी पांढरी पडली.
तिला वाटलं, आपल्याच हातून मोडलं.
दोन महिने ती इकडे फिरकली नाही.

म्हणून आता एकेकाला बाहेर थांबवते.
कुठून आलास, फॉर्ममधून की पत्त्यातून?
आकडा आहेस? मग टिकली बाहेर ठेव.
नाव आहेस, तर नावासारखा बस,
इथं हुकूम सोडायचे नाहीत.
डेअरीवर सख्ख्या मामाचं दूध असलं तरी
कॅनमध्ये ओतायच्या आधी लॅक्टोमीटर बुडवतातच,
मामा रागावत नाही.
दोनशे चौदा जागा. एकशे सदुसष्टावर डबा उघडला,
भाजी आंबली होती.

सरांना फोन लावला. मागे मोटर सुरू होती.
"पोरी, त्या टायमाले आपलेच लोकं लेहनार व्हते.
त्याइले काय इचारा लागते?"
मी गप्प. फाइलमध्ये त्यांचीच एक टीप होती,
'इथे तपासणी टाकणे. नंतर.'

सोमवारी सगुणा आली.
टिकलीसकट बेचाळीस लिहिलं. गेलं आत.
पाणी किती, तिथं शून्य.
लाल अक्षरांत माझी नवी तपासणी बोलली,
कृपया हा रकाना भरा.
तिनं पुन्हा शून्य दाबलं. पुन्हा लाल.
"भरला त हाय," ती म्हणाली,
"पानीच नाही विहिरीत, मंग काय लेहू?"

शून्य आणि रिकामं या यंत्राला एकच वाटतं,
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते.

तिला खुर्ची दिली. ओळ अठ्ठ्याऐंशी.
'रिकामं आहे का' खोडलं,
'काही लिहिलंय का' असं विचारलं.
तिसऱ्यांदा शून्य. विहीर एकशे सतरा,
नोंद झाली.

"झालं?"
"झालं."
कोपऱ्यातल्या माठातलं पाणी ती
दोन पेले प्यायली, पेला उपडा ठेवला
आणि निघाली.