पायाळू

रात्री दोनला आपोआप उजळतो म्हणाल्या सिस्टरबाई,
हात न लावता,
जशी पहिलटकरीण दचकून उठते.
कॅमेऱ्याच्या डोळ्यावर त्यांनी लाल टिकली लावून ठेवलेली,
कीबोर्डावर क्रोशाचा रुमाल,
आणि पडद्यावर, बंद केला की पुन्हा उघडणारा,
पत्त्यांचा जुगार.

मी लाखांदूरहून आलो होतो,
धान कापलेल्या बांध्यांमधून, खिशात पेनड्राइव्ह.
आधी डोंगल उपटलं.
"नाळ कापली का?" त्यांनी विचारलं. कापली म्हटलं.

सेफ मोड. तपासणी. बारा टक्के, एकोणतीस.
त्र्याऐंशीला लाइट गेली.
यूपीएस दोनदा ओरडून मेला.
दोन तास ओसरीत, चहा, गॅझेटमधल्या बदल्यांच्या गोष्टी,
आणि पुन्हा शून्यापासून.

एकवीस सापडले.
भाच्यानं फुकट आणलेल्या पत्रिकेच्या प्रोग्राममधून शिरलेले,
परदेशी गव्हातून गाजरगवत आलं म्हणतात, तसे.
अठरा गेले. तीन पुन्हा उगवले.
मुळं रजिस्ट्रीत होती.
निंदणाऱ्या बाईसारखा ओणवा होऊन
ओळ न ओळ चाचपली, दोन काढले.

शेवटचा जाहिरात दाखवत नव्हता.
कळफलकाच्या मागं गप बसून
प्रत्येक कळ लिहून ठेवत होता, वेळेसकट,
सुइणीसारखा.

त्याची वही उघडली.
इंग्रजी अक्षरांची रांग, अर्थ नसलेली.
पण मी मराठी टायपिंगची तीसची परीक्षा दिलेली,
मला बोटांनी वाचता येते.

सन शहाऐंशी. मुलगा. बैलगाडीत.
सन नव्वद. मुलगी. चुलबंदीच्या पुरात, डोंग्यामध्ये.
साडेतीन पौंड, जगली.
सन एक्क्याण्णव. जुळे. कंदील विझला होता.
पेन्शन झाल्यापासून रोज रात्री
त्या आपलं रजिस्टर पुन्हा लिहीत होत्या.

आणि मग:
मुलगी. रडली होती. मी बाहेर
बॅकस्पेस, बॅकस्पेस, शेवटपर्यंत.
दुसऱ्या रात्री तेच. मुलगी. रडली होती.
एकोणीस रात्री.
त्यांच्या स्वतःच्या फाइलमध्ये त्या जागी
एकच ओळ: मृत जन्म, श्रावण.

खोडलेलं फक्त चोरानं जपलं होतं.

"काय दिसते?" दारातून.
"काही नाही बाई. कचरा."
"तू पायाळू आहेस," त्या म्हणाल्या,
"पाय आधी आले तुहे. याच हातानं ओढला तुले.
पायाळूले जमिनीत पुरलेलं दिसते म्हंतेत."
मी माउस हलवत राहिलो, उगाच.

"ज्यानं हे ठेवलं, त्यानं वाचलं असन?"
"त्याला बँकेचा पासवर्ड पाहिजे, बाई.
त्याला मराठी येत नाही."
"येत नाही?"
त्या आवाजात सुटका होती
की कोणी हात सोडला होता,
मला अजून ठरवता आलं नाही.

शिफ्ट, डिलीट.
चौकट आली.
"काय म्हंते तो?"
"कायमचं पुसू का, विचारते."
"असं विचारते?"
त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.
बाहेर कोणाचं तरी थ्रेशर चालू होतं.
मग वाकून, चष्मा नसताना,
एंटर त्यांनीच दाबलं, करंगळीनं.

प्रत कुठं कुठं गेली असेल ते माझ्या हातात नव्हतं.
नवा पासवर्ड टाकून दिला,
सोमवारी बँकेत जा म्हटलं,
भाच्याचा पेनड्राइव्ह लावू देऊ नका.
तीनशे घेतले. पायलीभर नवा तांदूळ नको म्हणता आला नाही.

टिकली काढू का, विचारलं निघताना.
राहू दे म्हणाल्या.