पाचच जागा

क्लाइपेदा. रात्रीचे पावणेदोन.
खाडी गोठली आहे, बंदरातली क्रेन उभ्याउभ्या झोपलेली,
आणि मी एका डब्याला नियम लिहिते आहे.

डबा म्हणजे काय, पत्रा नाही की झाकण नाही.
कुठल्याशा परक्या इमारतीत, भाड्याच्या जागेत,
चाळीस हिवाळ्यांच्या बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये.

सर्वांना खुला? नाही.
मग परवाने: कोण वाचेल, कोण लिहील, कोण पुसेल,
कोणत्या तारखेपासून कुठवर.
एका डब्याला पाचच परवाने मावतात.
आणि सोमवारपासून उग्नियुस येतोय,
तेवीस वर्षांचा; त्याला बूटसुद्धा ऑफिसनेच दिलेत.

तिसऱ्या ओळीवर मिंताउतास, निदा गावचा निरीक्षक.
फक्त लिहायची मुभा. पुसायची त्यानं मागितलीच नाही.
"चुकलो तर खाली दुसरी ओळ लिहीन, स्काइस्ते."
मुदत दर डिसेंबरात मी वर्षभर पुढे ढकलायची.
मार्चमध्ये तो गेला.
(बर्फावर नाही. घरी, झोपेत. लोक विचारतात म्हणून आधीच सांगते.)
या डिसेंबरातही ढकलली.
हात सवयीनं गेला म्हणायचं.

इथे एखाद्याला काढून टाका असा हुकूमच नाही.
दर वेळी अख्खी यादी नव्यानं पाठवायची,
जुनीवर नवी बसते.
ज्याचं नाव लिहिलं नाही, तो नाही.
एवढं सोपं असायला नको होतं.

चार नावं. मग पाचवं, उग्नियुस.
पाठवलं. उत्तर आलं: दोनशे, म्हणजे ठीक.
माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत लिहिलंय,
नियम लागू व्हायला अर्धं मिनिट जाऊ शकतं.
तोवर जुनी किल्ली लागेल, कदाचित लागणारही नाही.

चाचणी म्हणून, उद्या नोंदवहीत तसंच लिहीन,
मी त्याची किल्ली लावली
आणि दुपारी स्वतः मोजलेला आकडा त्याच्या शब्दांत टाकला:
निदा. अकरा सेंटिमीटर. माणूस पेलेल, घोडा नको.

घेतलं.

पुन्हा लावली. चारशे तीन. मनाई.

आता ती ओळ तिथे आहे, त्याच्या नावानं,
तो गेल्यानंतर दहा महिन्यांनी.
पुसायचा परवाना माझ्याकडे आहे.
सकाळी बघू.