दोन दोर

कड्याला दोन दोर लोंबतात.
एक हातांनी धरायचा, जाडजूड, वेणी घातलेला.
दुसरा कमरेला बांधायचा, कातड्याची वादी,
आणि तिचं टोक वर, माझ्या हातात.

एकतीस वर्षं हेच काम.
खालचा माणूस मला दिसत नाही,
कड्याचं पोट पुढे आलंय.
फक्त वजन कळतं, वजनावरून माणूस:
हा मिठाच्या लाद्या वाहणारा,
हे दीक्षा घ्यायला आलेलं पोर,
हा अदिग्रातचा व्यापारी, खिशात नाणी, पोटात गोळा.

सगळे हातांच्या दोरावर भिस्त ठेवतात.
तळवे सोलवटतात, अंगठे खडकात रुततात,
आणि वर पोचले की धापा टाकत म्हणतात,
"चढलो बुवा एकदाचा!"
मी काही बोलत नाही. वादी गुंडाळून ठेवतो.

ही वादी आमच्याच बैलाची.
मी सात वर्षांचा, तापानं फणफणलेला,
तेव्हा आईनं देवाजवळ त्याला तारण ठेवलं.
ताप उतरला. ती शब्दाला जागली.
कातडं कमावलं, लोणी चोळचोळून मऊ केलं,
डोक्यावर घेऊन कड्याखाली आली.
आधी वादी वर गेली, मग काही वर्षांनी मी.
बाईला वर यायची मुभा नाही.

दर मीकाएलच्या सणाला खाली एक पांढरा ठिपका.
मी टोपली सोडायचो, ती त्यात हिम्बाशा ठेवायची,
वर येईपर्यंत भाकरीत ऊब असायची.
गाठ तिची, हाताला कळायची:
दोन वेढे, आणि एक उगीच.
आमचं बोलणं एवढंच.

यंदा टोपली आली. गाठ वेगळी होती.

मी कुणाला सांगितलं नाही.
शपथ घेतली होती, मरेपर्यंत उतरणार नाही,
आणि त्या शपथेचा मला, खरं सांगतो, अभिमान होता.
मेम्हिरांनीच बोलावलं. डोळे मोतीबिंदूनं दुधाळ,
तरी टोपलीतलं सगळं त्यांना दिसलेलं.
"तेकेस्ते, उतर."
"शपथ आहे, अब्बा."
"शपथ तुझी आहे, आज्ञा माझी.
जे पाळायला जड जाईल, ते पाळ."
मी गप्प.
"वर ओढून घेणं म्हणजेच तारण, असं वाटतं ना तुला?
अरे, आधी तो उतरला.
गोठ्यात उतरला, नदीत उतरला, थडग्यात उतरला.
चढणं त्यानंतरचं."

हाफतोमनं वादी माझ्या कमरेला बांधली.
सोळा वर्षांचं पोर, मनगटं बोरूसारखी.
मी गाठ तपासली. पुन्हा तपासली.
तो हसला नाही, हा त्याचा भलेपणा.
एकतीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगत आलो,
"घाबरू नका, वर मी आहे!"
माझ्याही वर कुणी आहे
हे फक्त पहाटेच्या पाठात म्हटलं होतं.

पाय कड्याबाहेर टाकला. खाच सापडेना.
जीव मुठीत धरावा तर मूठ मोकळी नव्हती.
हातांचा दोर मी आपणहून सोडला नाही,
उगाच मोठेपणा कशाला सांगू?
हात घसरला.
आणि मी पडलो नाही.

बैलानं धरलं, की पोरानं,
की ज्याचं नाव घ्यायलाही श्वास उरला नव्हता त्यानं,
मला सांगता येत नाही.
कमरेशी काहीतरी घट्ट झालं, एवढं खरं.
विश्वास तेव्हा माझ्यात नव्हता.
वादीत होता.

खाली माती, लेंड्या, ऊन. मग दोन तासांची चाल,
पाय सपाट जमीन विसरलेले.
लेतेब्रहान भिंतीकडे तोंड करून पडली होती.
डोळे न उघडता माझा हात चाचपला, घट्टे चाचपले.
"वर कोण आहे?"
"हाफतोम म्हणून एक पोर आहे."
"बरं," म्हणाली. बऱ्याच वेळानं पुन्हा:
"वादीला लोणी लावतोस ना रे?"

गेल्या पावसाळ्यापासून
राहूनच गेलं होतं.