विंचू

चप्पल लाईनीत दुपारी गिऱ्हाईक नसतं.
तेव्हा आप्पा दोऱ्याला मेण लावत बसायचे
आणि उजवा अंगठा
भलतीकडेच बघत असायचा,
पंगतीत रुसलेल्या जावयासारखा.

पलटणीत ते मोची होते. येसबा सातपुते.
बंदूक कधी दिली नाही त्यांना,
कैद मात्र बंदूकवाल्यांइतकीच दिली.
सिंगापूर पडलं, मग जहाजाच्या पोटात किती दिवस कोण जाणे,
मग एक बेट, ज्याचं नाव
आप्पांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.
"नाव घेतलं की त्ये आपलं हुतंय," म्हणायचे.

तिथला रखवालदार रबरी तळाचे बूट घालायचा.
मांजर परवडलं.
झोपडीमागं कधी येऊन उभा राहील, पत्ता नाही.
कुणाच्या हातात उकडलेला कंद,
कुणी मेलेल्यांची नावं बांबूच्या आत कोरतोय,
आणि काठी.
बाजारभोगावचा सखबा त्या काठीनंच गेला,
मूठभर भातापायी.

पावसानं रबर कुजलं.
रखवालदारानं आप्पांना बोलावून पाय पुढे केला.
माप घेताना
वैऱ्याची टाचसुद्धा गरम लागते,
हे आप्पा हळू आवाजात सांगायचे,
जसं काही त्यांचंच चुकलं होतं.

मेलेल्या खेचराचं खोगीर उसवलं.
हिरडा नाही, बाभळीची साल नाही,
कुठल्याशा झाडाचा पाला कुटून
कातडं जमेल तसं मऊ केलं.
तळावर तळ. मधे
करवंटीची ठिकरी आणि कातड्याची घडी,
म्हणजे विंचू.
गंगावेशीतनं पैलवान निघाला
की पापाच्या तिकटीला कळायचं,
तो विंचू.

"साहेब, आमच्यात मोठी माणसं वाजतच चालत्यात."
दुभाष्यानं सांगितलं. रखवालदार खूश.
छाती काढून मैदानात दोन फेऱ्या मारल्या त्यानं.
करकर. करकर.
चाळीस माणसं मान खाली घालून
गवत उपटत राहिली.
कुणी हसलं नाही.
एवढं अवघड काम त्या कैदेत दुसरं नव्हतं.

अकरा महिने
तो यायच्या आधी त्याचं येणं यायचं.
कंद पोटात, बांबू छपरात.
बांबूतली नावं वाढली,
पण तापानं. काठीनं नाही.

मग कुणीतरी त्याला सांगितलंच.
आवाज काढ, म्हणाला.
आप्पा म्हणाले, निघत न्हाई. कातड्याचा गुण हाय.
काढ.
निघत न्हाई.
तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.
अंगठा दगडावर ठेवायला लावला.
हातोडी आप्पांचीच होती.
काम झाल्यावर चपला पायात सरकवल्या
आणि गेला. करकरत.
दुसरा जोड नव्हताच त्याच्याकडं.

हे सगळं आप्पांनी एका दमात नाही सांगितलं.
वीस वर्षांत, तुकड्यातुकड्यानं,
वाद्या कापता कापता.
विंचू घालायला शिकवला तेव्हा निम्मं.
उरलेलं मी बघितलं:

रात्री बोळातनं एखादं हौशी पोरगं
नवा जोड वाजवत गेलं
की जेवता जेवता आप्पांचा हात
ताटातली भाकरी उचलून
मांडीखाली जायचा.
आवाज लांब जाईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.
आई आमटीकडं बघत राहायची.

मग आप्पा भाकरी बाहेर काढायचे,
झटकायचे, आणि म्हणायचे,
"चांगली वाजतीया. कुणी शिवली रं?"

मी सांगायचो, तुम्हीच.