राहू द्या

मनामाच्या जुन्या धक्क्याजवळची
ती चार मजली, खडीच्या गिलाव्याची इमारत
आता हॉटेल आहे. नाव 'द हेडलाइन'.
तिथे मी एकोणीस वर्षं प्रूफं वाचली,
आणि आज बेचाळीस दिनार मोजून
तिसऱ्या मजल्यावर झोपायला आलोय.

लॉबीत काचेआड एक यंत्र, काळंभोर, पुसून लख्ख.
पितळी पाटी सांगते: पहिला अंक यावरच छापला.
साफ खोटं.
हे कुठल्याशा लिलावातून उचललेलं, शिशाच्या ओळी पाडणारं.
आमचं तळघरात होतं, ऑफसेट, हिरवं,
एवढं थोराड की आधी ते बसवलं
आणि भिंती मागाहून उठवल्या.
रात्री सव्वा वाजता ते सुरू झालं
की वर माझ्या बशीतला चहा थरथरायचा,
म्हणजे आता काही दुरुस्त होणार नाही.

'मरसा' दोन्हीकडून उघडायचा.
उजवीकडून अरबी, डावीकडून इंग्रजी,
पहिली पानं दोन, शेवटचं एकही नाही.
मजलाही तसाच:
त्या टोकाला तिजानी, ओमदुर्मानचा,
या टोकाला मी, संगमेश्वराकडचा,
मध्ये कुन्हालीचा स्टोव्ह.
मधल्या पानावर आमची गाठ पडायची,
नमाजाच्या वेळा, भरती-ओहोटीचं कोष्टक,
लागलेली जहाजं, हरवलेले पासपोर्ट.
तो आकडे मोठ्याने वाचायचा,
मी माझ्या आकड्यांवरून बोट फिरवायचो.
एकदा भरती सहा तासांनी चुकली.
दुसऱ्या दिवशी एक म्हातारा नाखवा जिना चढून आला,
अवाक्षर बोलला नाही,
अंगातला ओला झगा
संपादकांच्या खुर्चीवर पिळून गेला.

तेव्हा समुद्र खिडकीखाली होता.
नंतर तो भराव घालून लांब ढकलला,
मोठी जाहिरात आली
की बातमी आतल्या पानावर ढकलतात, तसा.
मग बँका आल्या, मग बातमीही गेली.

बंदची नोटीस एका ओळीची होती.
त्यातही एक स्वल्पविराम जास्तीचा,
मी सवयीने खोडला.
कुन्हालीने विचारलं, उद्या किती कप?
तिजानी म्हणाला, माफी.
तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ 'नाही, संपलं'.
मला तो शब्द
मराठीतच ऐकू आला.

खोलीत पलंगामागे भिंतभर एक जुनं पान चिकटवलंय,
शोभेला, फिकट तपकिरी करून.
सव्वाला जाग आली.
काही थरथरत नव्हतं, एसीची तेवढी घरघर.
दिवा लावला, चष्मा शोधला
आणि भिंत वाचायला लागलो, डावीकडून.
मधलं पान. जहाजं. पासपोर्ट.
भरती: पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
पुन्हा वाचलं.
तेच पान.
एकोणीस वर्षांच्या ढिगातून
कुणा सजावटवाल्या पोराने नेमकं हेच उचललं,
आणि तेच आता
प्रत्येक खोलीत, प्रत्येक उशीमागे.

प्रूफात एक खूण असते.
खोडलेलं परत हवं असेल
तर त्याच्याखाली टिंबं मांडायची, सुटी सुटी,
आणि समासात लिहायचं: राहू द्या.
फोनजवळ हॉटेलची बुटकी पेन्सिल होती.
गुडघे टेकून पलंगावर चढलो.
खोडलेलं तर इथे काहीच नव्हतं,
उलट सगळं नको तितकं जपलेलं,
तरी चार-दहाच्या खाली
मांडली टिंबं.
हात पूर्वीसारखा स्थिर नाही, एक वाकडं पडलं.

सकाळी बिलावर माझं नाव 'अंबरकर'.
आंबर्डेकरमधला 'र्डे' कुठेतरी गळलेला.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं,
सगळं बरोबर आहे ना, सर?
मी सही केली,
तिच्या स्पेलिंगप्रमाणे.